कुराणातील जिन : अभिधा, लक्षणा आणि बाधा

ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. एके काळी भातशेतीवर जगणारी ही गावे आज गोदामांसाठी ओळखली जातात. भाषेच्या अभ्यासकास मात्र हा टापू निराळ्या कारणाने लक्षणीय वाटावा. आगरी-कोळ्यांची मराठी, भिवंडीच्या कोकणी मुसलमानांची मराठी वळणाची बोली आणि यंत्रमागाच्या धंद्यानिमित्त उत्तरेकडून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांची उर्दू अशा तीन वाणी येथे शेजारी नांदतात. एखादे माणूस अकारण बरळू लागले, अन्न टाकू लागले, परक्या आवाजात बोलू लागले, तर मराठीत त्यास 'लागीर झाले' किंवा 'बाहेरचे आहे' असे म्हणतात. उर्दूत त्याच प्रसंगी 'आसेब' आणि 'जिन' हे शब्द येतात. व्यवहारात हे सारे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. परंतु शब्दांची ही अदलाबदल वाटते तितकी निरुपद्रवी नाही. कुराणातील जिन ही खरोखरीची सत्ता आहे की ते एक प्रतीक आहे, ह्या बहुचर्चित प्रश्नातील निम्मा घोटाळा तिच्यातूनच निर्माण होतो.

मराठी लोकसमजुतीतील भूत हे मुळात मेलेल्या माणसाचे असते. मुंजा, समंध, हडळ, झोटिंग ह्या सर्व वर्गवारीचा पाया मृताची जात, वय, लिंग आणि अतृप्त राहिलेली वासना हा आहे. ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनी जमविलेल्या आणि आर. ई. एन्थोवेन ह्यांनी १९१५ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांत ही वर्गवारी सविस्तर पाहावयास मिळते. तिच्यात 'खवीस' हा एक प्रकार आहे. बहुधा मुसलमानाचे किंवा हिंदुसमाजाबाहेरील मृताचे भूत असा त्याचा अर्थ केला जातो. हा शब्द अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट, अमंगल ह्या शब्दावरून आला असे मानतात. अरबीत ज्या विशेषणाचा मरणाशी काही संबंध नव्हता, ते कोकणात येताच एका मृताचे नाव झाले. परका शब्द आमच्या भूतसृष्टीत शिरताना तिच्या नियमांना कसा वश होतो, ह्याचा हा चांगला नमुना होय.

जिन मात्र मृतात्मा नव्हे. कुराणाच्या दृष्टीने जिन ही माणसापूर्वी, माणसाहून वेगळ्या द्रव्यापासून निर्माण केलेली स्वतंत्र जात आहे. पंधराव्या आणि पंचावन्नाव्या सूरेत माणूस मातीपासून आणि जिन अग्नीपासून घडविल्याचे सांगितले आहे. त्यांच्यातही पिढ्या होतात आणि नाहीशा होतात, त्यांच्यात श्रद्धावंत असतात तसे नास्तिकही असतात, आणि अंती त्यांचाही न्याय व्हावयाचा असतो. 'जिन' ह्या शब्दाचा धातू झाकणे, आड असणे ह्या अर्थाचा आहे. गर्भाला 'जनीन', दाट बागेला 'जन्नत', ढालीला 'जुन्ना' आणि ज्याची बुद्धी झाकली गेली त्यास 'मजनून' म्हणतात, ते ह्याच धातूवरून. तेव्हा जिन म्हणजे व्युत्पत्तीने केवळ 'अदृश्य'. आता जे अदृश्य आहे ते असते की नसते, हा प्रश्न शब्दाच्या पोटातच दडलेला आहे असे कोणी म्हटल्यास ते अगदीच चूक ठरणार नाही.

प्रश्नाची मांडणी सामान्यतः अशी केली जाते : जिन खरे मानावेत की प्रतीकात्मक? ह्या एका वाक्यात वस्तुतः तीन स्वतंत्र प्रश्न गुंतलेले आहेत. कुराण जिनांचे अस्तित्व गृहीत धरते काय, हा पहिला. कुराणात जेथे जेथे हा शब्द येतो तेथे तेथे त्याचा निर्देश त्याच सत्तेकडे आहे काय, हा दुसरा. आणि जिन माणसाच्या देहात शिरतात काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून तिसऱ्याचेही तसेच यावे, असा काही नियम नाही. मात्र दर्ग्याच्या आवारात आणि घराच्या ओसरीवर माणसांच्या देहाशी ज्याची गाठ पडते तो प्रश्न तिसराच होय.

पहिल्या दोन प्रश्नांस मराठी वाचकाच्या परिचयाची एक कसोटी लावता येते. साहित्यशास्त्रात लक्षणेचा आश्रय केव्हा घ्यावा ह्याचे नियम ठरलेले आहेत. मुख्यार्थाचा बाध झाला पाहिजे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असला पाहिजे, आणि त्यामागे रूढी अथवा प्रयोजन असले पाहिजे. इस्लामी न्यायमीमांसेतील 'हकीकत' आणि 'मजाज' ह्यांचा विचार जवळजवळ ह्याच वाटेने जातो. तेथेही मूळ अर्थ सोडण्यास 'करीना', म्हणजे संदर्भातील खूण, लागते. वाचकाच्या मनाला एखादी गोष्ट पटत नाही, एवढ्यावरून मुख्यार्थाचा बाध होत नाही. बाध वाक्यात दिसला पाहिजे.

ह्या कसोटीवर प्रमुख स्थळे तपासली असता काय दिसते? बहात्तरावी सूरा जिनांच्याच नावाची आहे. तीत जिनांचा एक समूह कुराणाचे पठन ऐकतो, विस्मित होतो आणि आपल्या लोकांत जाऊन त्याविषयी बोलतो. त्याच सूरेत, काही माणसे जिनांतील पुरुषांचा आश्रय मागत असत व त्यामुळे त्यांचा गोंधळ अधिकच वाढला, असा उल्लेख आहे. निर्जन दरीत मुक्काम करताना तेथील अधिष्ठात्या जिनाचे अभय मागण्याची जुनी अरबी चाल भाष्यकार येथे सांगतात. पंचावन्नाव्या सूरेत ईश्वराच्या कोणत्या उपकारांस नाकारणार, असे विचारणारे पालुपद एकतीस वेळा येते, आणि तेथील सर्वनाम व क्रियापद द्विवचनी आहेत. संबोधन माणूस आणि जिन ह्या दोघांस उद्देशून आहे, असे भाष्यकारांचे प्रचलित मत आहे. मराठीत द्विवचन उरलेले नसल्याने भाषांतरात ही गोष्ट लुप्त होते; संस्कृत जाणणाऱ्यास मात्र ती तत्काळ कळेल. प्रतीकाला द्वितीयपुरुषी हाक मारणे काव्यात अशक्य नाही, पण येथे मुख्यार्थाचा बाध कोठेही होत नाही. कुराणाचा वक्ता आणि त्याचे पहिले श्रोते जिनांस खरे समजत होते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

तथापि येथेच थांबल्यास अर्धेच वाचन होईल. अरबस्तानात जिनांची जी प्रतिष्ठा होती ती कुराणाने कशी उतरविली, हे पाहिले पाहिजे. कवीला स्फूर्ती देणारा त्याचा जिन असतो आणि 'काहिना'ला भविष्य कळते ते जिनाकडून, असा तेथे समज होता. म्हणूनच मक्केच्या विरोधकांनी पैगंबरांस कवी, काहिन व मजनून ही विशेषणे लावली. चौतिसाव्या सूरेतील सुलेमानाच्या मृत्यूची कथा ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. सुलेमान काठीवर टेकूनच मरण पावला. त्याच्या आज्ञेने राबणारे जिन तो जिवंत आहे असे समजून कष्टत राहिले. किड्याने काठी पोखरली आणि देह कोसळला, तेव्हा कोठे त्यांस उलगडा झाला. ज्यांना समोरचा राजा मेलेला कळत नाही, ते अदृष्ट काय सांगणार? ही कथा जिनांचे अस्तित्व नाकारीत नाही, त्यांचे सर्वज्ञत्व मात्र हास्यास्पद ठरविते. सहाव्या सूरेत जिनांस ईश्वराचे भागीदार मानणाऱ्यांचा निषेध आहे आणि एक्कावन्नाव्या सूरेत जिन व माणूस दोघेही केवळ उपासनेसाठी निर्माण केले असे म्हटले आहे. दैवतांच्या पायरीवरून त्यांस खाली आणून माणसांच्या पंक्तीस बसविले आहे.

प्रतीकवादी वाचनाचा आधुनिक इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. सर सय्यद अहमदखान (१८१७–१८९८) ह्यांनी ह्या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. निसर्गनियम ही ईश्वराची कृती आणि कुराण ही त्याची वाणी, त्यांच्यात विरोध असू शकत नाही, हे त्यांचे मूलसूत्र. त्यानुसार सुलेमानाचे जिन म्हणजे डोंगरांत व रानांत राहणारे रांगडे, बलदंड लोक, असा अर्थ त्यांनी लावला. कैरोत मुहम्मद अब्दुह ह्यांनी रोगजंतू हेही जिनांचा एक प्रकार असू शकतील असे सुचविले. प्लेगचा जंतू १८९४ साली ओळखला गेला होता आणि १८९६ पासून त्या साथीने मुंबई ओस पाडली होती. अशा काळात अदृश्य मारेकऱ्याची कल्पना नव्या शास्त्राशी जुळवून घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. मुंबईत शिकलेले आणि १९३४ पासून लाहोरात आपले इंग्रजी कुराण प्रसिद्ध करू लागलेले अब्दुल्ला यूसुफ अली ह्यांनी सहाव्या सूरेवरील टीपेत जिन म्हणजे अदृश्य किंवा गुप्त शक्ती, असा सावध अर्थ दिला. मुहम्मद असद ह्यांनी १९८० च्या आपल्या भाषांतरास जोडलेल्या परिशिष्टात एकच अर्थ सर्वत्र न लादता स्थळपरत्वे वेगवेगळे अर्थ करावेत, अशी भूमिका घेतली.

ह्यांपैकी शेवटची भूमिका सर्वांत समंजस म्हटली पाहिजे. सर सय्यदांचा अर्थ सुलेमानाच्या इमारती बांधणाऱ्यांस कदाचित लागेल. बायबलातही मंदिराच्या बांधकामासाठी परमुलखातील कारागीर आल्याची कथा आहे. पण अग्नीपासून निर्माण झालेले रानटी लोक कोणते, ह्याचे उत्तर त्या अर्थात सापडत नाही. आणि जंतूंनी कुराण ऐकून त्यावर चर्चा केली असे तर अब्दुहांनाही म्हणावयाचे नसावे! एका स्थळी चपखल बसलेला लक्ष्यार्थ सर्व स्थळी नेण्याची घाई हाच ह्या पंथाचा दोष होय.

जुन्या भाष्यकारांस ह्या अडचणी ठाऊक नव्हत्या असे मात्र नव्हे. इब्न सीनाने (मृत्यू १०३७) आपल्या व्याख्याग्रंथात जिनाची व्याख्या नाना रूपे घेणारा वायुमय प्राणी अशी केली आणि ही केवळ शब्दाच्या अर्थाची व्याख्या आहे अशी पुस्ती जोडली. ह्या पुस्तीवरून त्यास अशी वस्तू असते हे मान्य नव्हते, असे फख्रुद्दीन राझीने पुढे अनुमान काढले. मुस्लिमच्या हदीससंग्रहात तर एकाच प्रकरणात दोन परस्परविरोधी वृत्तान्त शेजारी शेजारी आहेत : इब्न अब्बासांच्या मते पैगंबरांनी जिनांस पाहिलेच नाही, तर इब्न मसऊदांच्या वृत्तान्तानुसार ते रात्री जिनांच्या भेटीस गेले होते. भिवंडी-कल्याणचे कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे अनुयायी आहेत, त्या पंथाचे प्रवर्तक इमाम शाफई (मृत्यू ८२०) ह्यांच्या नावे एक मत सांगितले जाते. पैगंबराखेरीज जो कोणी आपण जिन पाहिले असे म्हणेल त्याची साक्ष ग्राह्य धरू नये, असे ते मत. कारण सैतान तुम्हांस पाहतो पण तुम्ही त्यास पाहू शकत नाही, असे सातव्या सूरेत सांगितले आहे. येथे अस्तित्वाला संपूर्ण मान्यता आहे आणि प्रत्यक्ष दर्शनाच्या दाव्याला न्यायालयाचे दार बंद आहे. हा विवेक आजच्या वादात फारसा दिसत नाही.

ह्याच कोकणपट्टीने ह्या प्रश्नास उपयोगी पडेल असा एक भाष्यकारही दिला आहे. माहीमचे मखदूम अली (१३७२–१४३१) हे नवायत घराण्यातील शाफई पंडित. त्यांचे अरबी कुराणभाष्य 'तब्सीरुर्रहमान' एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बूलाक येथे छापले गेले. वचनावचनांतील संगती दाखविणे, आणि प्रत्येक सूरेच्या आरंभी येणाऱ्या त्याच त्या मंगलवचनाचा त्या त्या सूरेच्या विषयाला धरून निराळा अर्थ करणे, हे त्या भाष्याचे वैशिष्ट्य. एकच वाक्य शंभराहून अधिक वेळा येते आणि प्रत्येक वेळी वेगळे बोलते, ही दृष्टी ज्याची आहे त्यास शब्दशः की लाक्षणिक असा रोखठोक पर्याय मानवण्यासारखा नव्हता. मखदूम अली हे इब्न अरबीच्या (मृत्यू १२४०) परंपरेतले. इब्न अरबीने आपल्या 'फुतूहात' ह्या बृहद्ग्रंथाचे नववे प्रकरण अग्निजन्य सत्तांनाच वाहिले आहे. त्याच्या विश्वरचनेत स्थूल देह आणि शुद्ध आत्मा ह्यांच्या मध्ये 'बरझख', म्हणजे मधला प्रदेश, असतो. जे तेथे वसते ते दगडासारखे स्थूल नसते, आणि कवीच्या उपमेसारखे केवळ मनःकल्पितही नसते. आधुनिक वाचक 'प्रतीक' म्हणताच 'म्हणजे खरे नव्हे' असे समजतो. ह्या परंपरेस ते समीकरण मान्य नाही.

भारतीय दर्शनांच्या अभ्यासकास येथे देवताधिकरणाची आठवण व्हावी. इंद्रादी देवतांना देह आहे की देवता म्हणजे केवळ हविर्दानाच्या वेळी उच्चारावयाचा शब्द आहे? शबरस्वामींनी पूर्वमीमांसेच्या नवव्या अध्यायात देवतेचे शरीर, तिचे हवी खाणे, तिचे प्रसन्न होणे ही सारी नाकारली. यज्ञाच्या फलासाठी देवतेच्या सत्तेची गरजच नाही, असा त्यांचा युक्तिवाद. उलट ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात देवतांना देह आहे, म्हणून त्यांस ब्रह्मविद्येचा अधिकारही आहे, असे प्रतिपादिले आहे. जिनांच्या बाबतीत कुराणाचा कल वेदान्ताच्या बाजूचा आहे असे म्हणता येईल. ज्यांच्यावर कर्तव्य येते, ज्यांना उपदेश होतो आणि ज्यांचा न्याय होतो, ते असले पाहिजेत. सत्तेचा हा आधार नैतिक आहे. ते दिसतात किंवा अंगात येतात ह्यावर तो अवलंबून नाही.

आता तिसरा प्रश्न. जिन देहात शिरतात ह्यास आधार म्हणून बहुधा दुसऱ्या सूरेतील २७५ वे वचन पुढे केले जाते. व्याजखोर मनुष्य सैतानाच्या स्पर्शाने झपाटल्यासारखा उठेल, असा त्याचा आशय. हे वचन व्याजाविषयी आहे आणि झपाटणे हे त्यात उपमान म्हणून आले आहे. उपमानाची वास्तवता उपमेला आवश्यक नसते. दंडीने अभूतोपमा असा प्रकारच सांगितला आहे. जमख्शरीने (१०७५–११४४) नेमके हेच ओळखले. अपस्मारासारखे झटके सैतानाच्या आघाताने येतात ही अरबांची समजूत होती आणि वचन त्या समजुतीस अनुसरून बोलते, असे त्याने लिहिले. त्याच्या आधी जुब्बाईने (मृत्यू ९१६ च्या सुमारास) आणखी एक आधार दिला होता : चौदाव्या सूरेत सैतान स्वतःच न्यायाच्या दिवशी म्हणतो की, माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी केवळ हाक दिली आणि तुम्ही ती ऐकलीत. ज्याची सत्ता नाही तो देहाचा ताबा कसा घेणार? हे दोघेही मुअतजिला पंथाचे, आणि म्हणून सुन्नी परंपरेत त्यांचे मत अल्पसंख्य राहिले. इब्न तैमियाने (१२६३–१३२८) जिनाचा देहप्रवेश हे सुन्नी विद्वानांचे संमत मत म्हणून मांडले, आणि उपचारकर्त्यांच्या अनेक पिढ्यांनी त्याचाच हवाला दिला. तेव्हा बाधेचा समज पूर्णपणे लोकभ्रम आहे, पंडितांचा त्यास पाठिंबाच नव्हता, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा होईल. परंतु तो श्रद्धेचा अनिवार्य भाग आहे, हे म्हणणेही टिकत नाही. कारण जिनांचे अस्तित्व मानूनही बाधा नाकारणारे थोर व्याकरणज्ञ भाष्यकार ह्याच परंपरेत होऊन गेले.

आणि वैद्यकाचे काय? इब्न सीनाने आपल्या 'कानून' ह्या ग्रंथात उन्मनी विषादाचा विचार करताना हा प्रश्न फार शांतपणे हाताळला आहे. काही वैद्यांच्या मते हा विकार जिनांमुळे होतो. वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्याने तो जिनांमुळे होतो की नाही ह्याची चिंता करू नये, कारण जिनामुळे झाला तरी तो देहातील काळ्या पित्ताच्या प्रकोपाद्वारेच होणार. वैद्याने त्या निकट कारणावर उपचार करावा, दूरचे कारण जिन असो वा अन्य काही. काळ्या पित्ताचा सिद्धान्त आज इतिहासजमा झाला. पण दूरच्या कारणाविषयी मौन पाळून निकटच्या कारणावर बोट ठेवण्याची ही पद्धत टाकाऊ झाली असे म्हणवत नाही.

कारण ह्या प्रश्नाची झळ ग्रंथांत राहात नाही. गुजरातेतील उनावा येथील मीरा दातारचा दर्गा आणि मध्यप्रदेशातील जावऱ्याची हुसेन टेकरी ह्या स्थळी बाधितांची 'हाजरी' कशी लागते, ह्याचे तपशीलवार अभ्यास बेआट्रिक्स फ्लायडरर व कार्ला बेलामी ह्यांनी केले आहेत. तेथे येणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात, आणि आपले दुःख सर्वांदेखत बोलण्याची मुभा कित्येकींना तेथेच प्रथम मिळते, हे अशा अभ्यासांवरून ध्यानात येते. केवळ अंधश्रद्धा म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे वाचावे. परंतु अशा आश्रयस्थानांची दुसरी बाजूही आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका आश्रयगृहास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांस पळता आले नाही. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या अधिनियमातील ९५ व्या कलमाने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आहे.

महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये निघालेला अध्यादेश आणि त्याच वर्षी झालेला जादूटोणाविरोधी अधिनियम ह्या विषयास अधिक जवळून भिडतो. त्याच्या अनुसूचीत भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे इत्यादी कृत्यांचा समावेश आहे. घर, देऊळ, दर्गा वा अन्य धर्मस्थानी शारीरिक इजा वा आर्थिक हानी न करता होणारी उपासना मात्र त्यातून वगळलेली आहे. भूत असते की नसते हे हा अधिनियम ठरवीत नाही. तो केवळ देहावर काय केले जाते हे पाहतो, आणि ह्या बाबतीत त्याची भूमिका इब्न सीनाच्या भूमिकेहून फार दूर नाही. अनुसूचीत 'भूत' हा शब्द आहे, 'जिन' नाही. त्यामुळे जिन उतरविण्याच्या नावाखाली केलेली मारहाण तीत येते काय, अशी शंका एखादा काटेकोर वाचक काढील. परंतु दोर, साखळी आणि चाबूक ह्यांना भाषांतराची गरज पडत नाही. शिवाय कोणा व्यक्तीस सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणे हेही त्याच अनुसूचीत गुन्हा ठरविले आहे. कुराणातून निघालेला एक शब्द त्या वाटेने महाराष्ट्राच्या दंडविधानात येऊन पोहोचला आहे.